ॲलन शेपर्ड : आकाशातला आणि घरातला

चंद्रावर पहिलं पाऊल कोणी ठेवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र जवळचा वाटतो तो ॲलन शेपर्ड. अमेरिकन नौदलाचा हा वैमानिक ५ मे १९६१ रोजी अंतराळात जाणारा पहिला अमेरिकन ठरला. उड्डाण अवघं पंधरा मिनिटांचं! पुढे कानाच्या विकाराने चक्कर येऊ लागली, उड्डाण बंद झालं. मग ऑफिसात बसून तो इतरांच्या मोहिमांची तयारी करत राहिला. त्याच काळात एका बँकेचा व्हाइस प्रेसिडेंटही होता. आम्हा बँकवाल्यांना तेवढाच अभिमान! कानाचं ऑपरेशन यशस्वी झालं आणि १९७१ मध्ये, ४७ व्या वर्षी, गडी चंद्रावर उतरला.

घरी पत्नी लुईझ, दोन मुली आणि मुलीसारखीच वाढवलेली लुईझची भाची. जुलै १९९८ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने तो गेला. पाचच आठवड्यांनी लुईझही गेली. ५३ वर्षांचा संसार! घरच्यांनी दोघांची रक्षा एकत्रच, घरासमोरच्या समुद्रात सोडली.

चंद्रावर लुईझविना गेला, शेवटच्या प्रवासात मात्र तिची सोबत होती. आपल्या सोसायटीतल्या जुन्या जोडप्यांना ही आठवण अर्पण.