महापुराला वाट करून देणारा अभियंता

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटले की आपल्याला म्हैसूरकडचे कृष्णराजसागर धरण आठवते. पण त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१८६० साली मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. शिकवण्या करीत ते बंगळूरला बी. ए. झाले, शिष्यवृत्तीवर पुण्यास आले आणि १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले. घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत मोठा धीर देते.

पुढे मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविले. ते साल १९०३. पाणी ठराविक पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडत, उतरले की मिटत. भिंत न वाढवता साठा वाढला आणि पुरालाही वाट मिळाली.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. वरच्या अंगाची कित्येक तळी फुटून शहरावर लोंढा आला होता. पूर शहरात दिसला, तरी त्याचे मूळ वर होते. आम्हा आंबेगावकरांना हे सहज उमजते. पावसाचा जोर पश्चिमेच्या डोंगरांत असतो, पण घोड नदी फुगते ती खालच्या गावांपर्यंत. म्हणूनच त्यांनी शहराच्या वर पूर अडविणारे दोन जलाशय सुचविले. त्यांतून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरे झाले. शहरात नदीचे काठ उंच करावेत, तेथे रस्ते व बागा असाव्यात, अशीही त्यांची योजना होती.

या बागांचे मोल मला धरणाइतकेच वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि पुण्याची दैना झाली. धरण कितीही मोठे असले तरी ते माणसाचेच काम. अशा वेळी काठावर बाग असेल तर चिखल होतो, घरे असतील तर संसार वाहून जातात.

१४ एप्रिल १९६२ रोजी वयाची शंभरी ओलांडून विश्वेश्वरय्या निवर्तले. आज आपण ओढे बुजवून त्यांवर इमले चढवीत आहोत. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, एवढे जरी आपण त्यांच्या चरित्रातून शिकलो तरी पुष्कळ झाले.