लेकीच्या हातातील दिवा

तळहाताच्या आडोशाने दिवा सांभाळीत उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र आपण पाहिलेच असेल. आमच्या कासारवाडीच्या घरी त्याची छापील प्रत आहे. ते राजा रविवर्म्याचे, असे मी हळदीकुंकवाला येणाऱ्या साऱ्याजणींना सांगत असे. ती माझी चूक. रविवर्मा १९०६ सालीच वारले. म्हणून खऱ्या चित्रकाराची ही ओळख.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीस झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. १९०८ साली त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली. १९१८ साली स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाचे ते एक संस्थापक.

१९४५-४६ च्या सुमारास, दिवाळीत हाती दिवा घेतलेली मुलगी गीता पाहून त्यांना हे चित्र सुचले, असे सांगतात. तिलाच समोर उभे करून त्यांनी ते जलरंगांत काढले. जलरंगांत चुकलेला रंग सहजी पुसता येत नाही. उजेडाची जागा आधीच राखावी लागते. मुखावर फारसे हावभाव नाहीत. सारी माया त्या वळलेल्या तळहातात आहे. दिवा विझू नये, एवढीच तिची काळजी. बापाने नेमकी तीच टिपली.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हळदणकर १९६८ साली निवर्तले. गीताबाई २०१८ साली, शंभरी ओलांडून.

तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा नेताना आपलाही हात असाच वळतो. आता प्रत दाखविताना मी बापलेकीचे नाव सांगते.