साहाय्यक पदापासून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत : डॉ. बेंजामिन शीअर्स

चांगी विमानतळावरून ईस्ट कोस्ट पार्कवेने सिंगापूर शहराकडे निघाले की मरीना बेचे विहंगम दर्शन घडविणारा एक लांब पूल लागतो. सुमारे 1.8 किलोमीटर लांबीचा हा पूल 26 सप्टेंबर 1981 रोजी वाहतुकीस खुला झाला आणि त्याला डॉ. बेंजामिन हेन्री शीअर्स यांचे नाव देण्यात आले. नोकरीनिमित्त सिंगापुरात स्थिरावलेली असंख्य मराठी माणसे या पुलावरून ये-जा करतात. शीअर्स हे या देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष होते, एवढे त्यांतील अनेकांना ठाऊक असते. परंतु त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे अशा व्यवसायात गेली, जिथे मनुष्याचे पद त्याच्या हाताच्या कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या वर्णावरून ठरत असे. हा भाग तितकासा परिचित नाही.

शीअर्स यांचा जन्म 12 ऑगस्ट 1907 रोजी सिंगापुरात एका युरेशियन कुटुंबात झाला. वडील एडविन हेन्री शीअर्स सार्वजनिक बांधकाम खात्यात तांत्रिक पर्यवेक्षक होते, तर आई लिलियन जेन गोमेझ यांच्या घराण्यात चिनी आणि स्पॅनिश रक्त मिसळलेले होते. वसाहतीच्या समाजरचनेत युरेशियन समाजाचे स्थान मोठे विचित्र होते. नाव, धर्म आणि भाषा यांनी तो राज्यकर्त्यांच्या जवळचा, पण अधिकाराच्या जागा वाटताना मात्र तो स्थानिकांच्याच रांगेत उभा केला जाई. सेंट अँड्र्यूज स्कूल आणि रॅफल्स इन्स्टिट्यूशन येथे शिक्षण घेऊन बेंजामिन यांनी 1923 साली सातव्या एडवर्ड राजाच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला.

या महाविद्यालयाचा पूर्वेतिहास समजून घेतल्याविना पुढील गोष्टीचा अर्थ लागत नाही. 1904 साली सिंगापुरातील चिनी आणि अन्य बिगरयुरोपीय समाजांच्या प्रतिनिधींनी, टान जियाक किम या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने, सरकारकडे वैद्यकीय शाळेची मागणी केली. पैसा लोकांनीच उभा करावा, अशी अपेक्षा होती. लोकांनी 87,077 डॉलर जमविले. त्यांतील 12,000 डॉलर एकट्या टान जियाक किम यांचे होते. 1905 मध्ये शाळा सुरू झाली आणि 1916 साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने तिच्या पदविकेस मान्यता दिली. म्हणजे येथून बाहेर पडलेला डॉक्टर कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश साम्राज्यात वैद्यकी करण्यास पात्र होता. असे असूनही सरकारी वैद्यक सेवेत त्याचे स्थान ठरलेलेच असे, ते म्हणजे साहाय्यक वैद्यकीय अधिकाऱ्याचे. वैद्यकीय अधिकारी हे वरचे पद ब्रिटनमधून येणाऱ्या डॉक्टरांसाठी राखलेले होते. स्थानिकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेने स्थानिक साहाय्यक घडवावेत आणि त्यांच्यावर अधिकार मात्र बाहेरून आलेल्यांचा असावा, असा तो व्यवहार होता.

वैद्यक खात्यापुरतीच ही स्थिती नव्हती. 1904 सालीच वसाहतीच्या प्रशासकीय सेवेची स्पर्धापरीक्षा आईवडील दोन्हींकडून शुद्ध युरोपीय वंशाच्या उमेदवारांपुरती मर्यादित करण्यात आली होती. पुढे 1930 च्या दशकात स्थानिक उमेदवारांसाठी दारे किंचित उघडली, परंतु तीही वेगळ्या आणि कनिष्ठ सेवांची. वेतन, निवास, रजा आणि बढती या सर्वच बाबतींत दोन श्रेणींमधील अंतर कायम राहिले. या भेदासाठी कोणी कोणाला अपशब्द वापरण्याची गरज नव्हती. नेमणुकीच्या पत्रातील हुद्दा आणि पगारपत्रकातील आकडा यांतूनच तो दर महिन्याला नव्याने प्रकट होत असे.

1929 साली पदविका मिळवून शीअर्स आउट्रम येथील जनरल हॉस्पिटलमध्ये साहाय्यक वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. 1931 पासून त्यांनी प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोगशास्त्र हे आपले क्षेत्र निश्चित केले. आज लिटल इंडिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात कांदांग केरबाउ हे प्रसूतिरुग्णालय होते. मलय भाषेत या नावाचा अर्थ म्हशींचा गोठा. त्या परिसरात पूर्वी गुराढोरांचा व्यापार चाले, त्यावरून ते नाव पडले. 1924 साली अवघ्या 30 खाटांनिशी ते केवळ प्रसूतींसाठी सुरू झाले होते. प्राध्यापक जे. एस. इंग्लिश हे तेथील प्रमुख. त्यांच्या हाताखाली शीअर्स यांनी शस्त्रक्रियेचे धडे गिरविले. गुणांची पारख करणारा वरिष्ठ लाभणे हे त्यांचे सुदैवच होते. तथापि एका वरिष्ठाच्या मनाचा मोठेपणा सेवेचे नियम बदलू शकत नव्हता. शीअर्स यांना ब्रिटनमध्ये उच्च शिक्षण घेण्यासाठी क्वीन्स फेलोशिप जाहीर झाली. तेवढ्यात दुसरे महायुद्ध भडकले आणि तो प्रवास राहूनच गेला.

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. ब्रिटिश डॉक्टर कैदेत गेले आणि अनेक वर्षे ज्या खुर्च्यांवर स्थानिक माणूस बसू शकत नाही असे मानले जाई, त्या एकाएकी रिकाम्या झाल्या. कांदांग केरबाउ रुग्णालयातील प्रसूती व स्त्रीरोग विभागाची धुरा शीअर्स यांच्याकडे आली. स्थानिक रुग्णांच्या विभागाचे वैद्यकीय अधीक्षकपदही त्यांनी सांभाळले. जपानी रुग्णांचा विभाग वेगळा होता आणि त्यावर जपानी अधीक्षक होता. एक वंशभेद जाऊन त्याच्या जागी दुसरा, अधिक क्रूर भेद आला होता. त्याच राजवटीत चिनी समाजातील हजारो पुरुषांची कत्तल झाली. औषधे आणि अन्न यांचा तुटवडा होता. या साडेतीन वर्षांत रुग्णालय चालले, मुले जन्मली, माता वाचल्या. वरिष्ठ पदांसाठी स्थानिक डॉक्टरांच्या अंगी आवश्यक गुण नाहीत, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर दुसरे असू शकत नव्हते.

शीअर्स यांच्या तांत्रिक कार्यातील सर्वांत दूरगामी भाग म्हणजे सिझेरियन शस्त्रक्रियेच्या नव्या पद्धतीचा सिंगापुरातील प्रसार. जुन्या पद्धतीत गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूंच्या भागावर उभा छेद घेत. रक्तस्राव अधिक होई, जंतुसंसर्ग पोटात पसरण्याचा धोका राही आणि पुढील गरोदरपणात तो व्रण फाटण्याची भीती असे. गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रुजू लागली होती. शीअर्स यांनी ती आत्मसात करून सिंगापुरात प्रचलित केली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकविली. प्रसूतीच्या वेळी होणारे मातांचे मृत्यू आणि गुंतागुंती घटण्यास तिचा मोठा हातभार लागला.

1945 साली ब्रिटिश परतले आणि जुनी श्रेणीव्यवस्थाही त्यांच्यासोबत परतली. युद्धोत्तर काळात शीअर्स यांनी प्रभारी प्राध्यापक म्हणून विभाग सांभाळला, पण कायम नेमणुकीसाठी ब्रिटनमधील पात्रतेची मोहोर आवश्यक होती. ज्या विभागाचा भार त्यांनी युद्धाच्या काळात पेलला होता, त्याच विषयात वयाच्या चाळिशीत ते पुन्हा परीक्षार्थी झाले. 1947 मध्ये त्यांनी लंडन गाठले आणि 1948 च्या जानेवारीत प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे सदस्यत्व मिळविले. हे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले सिंगापूरकर होत. 1949 साली वैद्यकीय महाविद्यालय आणि रॅफल्स कॉलेज एकत्र येऊन मलाया विद्यापीठ स्थापन झाले, आणि 1951 मध्ये शीअर्स त्या विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पदविका मिळविल्यापासून या खुर्चीपर्यंत पोचण्यास बावीस वर्षे लागली होती.

येथे मराठी वाचकाला मुंबईच्या अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. जहाजबांधणीच्या घराण्यातील या पारशी अभियंत्याने वाफेच्या यंत्रविद्येत प्रावीण्य मिळविले. 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. त्या मानास पात्र ठरलेले ते पहिले भारतीय. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या यंत्रशाळेचे मुख्य अभियंतापद त्यांच्याकडे सोपविले आणि अनेक युरोपीय कारागीर व अभियंते त्यांच्या हाताखाली आले. तेव्हा मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रात या नेमणुकीवर आक्षेप घेण्यात आला. एतद्देशीय मनुष्य कितीही कुशल असला तरी युरोपीयांवर हुकमत चालवू शकणार नाही, असा त्या आक्षेपाचा आशय होता. अर्देशीर यांना पद मिळाले आणि विरोध नंतर उमटला, शीअर्स यांच्या बाबतीत नियमांनीच आधी वाट अडवून धरली. शतकभराचे अंतर असूनही दोन्हीकडचा प्रश्न एकच होता. काम येते की नाही, याविषयी वाद नव्हता. हुकूम कोणी द्यायचा आणि कोणी ऐकायचा, हा वाद होता.

शीअर्स यांच्या आयुष्याकडे पाहताना कर्तृत्व असेल तर अडथळे आपोआप दूर होतात, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. त्यांच्यासारखेच निष्णात असलेले कित्येक स्थानिक डॉक्टर, अभियंते आणि कारकून साहाय्यक याच हुद्द्यावर निवृत्त झाले. भिंत ढासळण्यास संघटित प्रयत्न लागले. 1952 साली सरकारने केवळ युरोपीय अधिकाऱ्यांना कौटुंबिक भत्ता देण्याचे ठरविले, तेव्हा केनेथ बर्न आणि गोह केंग स्वी या तरुण अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी संयुक्त कृती समिती स्थापन केली. ली क्वान यू यांनी या लढ्यास साहाय्य केले. पुढे सरकारी सेवांतील पदे स्थानिकांकडे कशी सोपवावीत याचा विचार करण्यासाठी आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्ष होते डॉ. बी. आर. श्रीनिवासन, सिंगापुरातील भारतीय वंशाचे नामांकित वैद्य. शीअर्स यांचे क्षेत्र शस्त्रक्रियागृह आणि अध्यापनवर्ग हेच राहिले. त्यांच्या कार्याने स्थानिकांची पात्रता प्रत्यक्ष दाखवून दिली, संघटनांनी त्या पात्रतेला नियमांत जागा मिळवून दिली. एकाचे काम दुसऱ्याविना अपुरे राहिले असते.

1955 साली शीअर्स रॉयल कॉलेजचे फेलो झाले. जन्मतः योनिमार्ग विकसित न झालेल्या स्त्रियांसाठी त्यांनी शस्त्रक्रियेची एक नवी पद्धत शोधून काढली. मूत्राशय आणि गुदाशय यांना इजा न होता त्यांच्यामधून नवा मार्ग निर्माण करण्याचा तो उपाय होता. या पद्धतीवरील त्यांचा शोधनिबंध 1960 मध्ये ब्रिटनच्या प्रसूतिशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या नियतकालिकाच्या नावात तेव्हाही ब्रिटिश साम्राज्य हे शब्द होते. ज्या साम्राज्याच्या सेवेत त्यांनी साहाय्यक म्हणून सुरुवात केली, त्याच्या डॉक्टरांना आता त्यांची पद्धत अभ्यासावी लागणार होती. आजही ती शस्त्रक्रिया शीअर्स यांच्या नावाने ओळखली जाते.

1960 मध्ये त्यांनी विद्यापीठातील पद सोडून खाजगी व्यवसाय पत्करला. कांदांग केरबाउ रुग्णालयात 1966 या एका वर्षात 39,835 बालकांचा जन्म झाला. एकाच प्रसूतिगृहातील तो त्या काळचा जागतिक उच्चांक ठरला. हा अवाढव्य भार वाहणाऱ्या डॉक्टरांमध्ये शीअर्स यांच्या हाताखाली शिकलेले अनेकजण होते.

पहिले राष्ट्राध्यक्ष युसुफ इशाक यांच्या निधनानंतर 2 जानेवारी 1971 रोजी शीअर्स यांनी राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली. चिनी, मलय आणि भारतीय अशा मोठ्या समाजांच्या देशाने संख्येने अगदी लहान असलेल्या युरेशियन समाजातील व्यक्तीस सर्वोच्च स्थान दिले. दहा वर्षांहून अधिक काळ या पदावर राहून 12 मे 1981 रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.

आज सिंगापुरातील कार्यालयांचे रूप पालटले आहे. संगणक आणि वित्तक्षेत्रातील कंपन्यांत अनेक देशांची माणसे शेजारी-शेजारी बसून काम करतात आणि त्यांत मराठी अभियंत्यांची संख्याही लक्षणीय आहे. वंशावरून पदे राखून ठेवणारे नियम इतिहासजमा झाले असले, तरी जबाबदारीचे काम एकाने करावे आणि अधिकाराचे नाव दुसऱ्याचे असावे, ही तक्रार पूर्णपणे मिटलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंगापूरच्या संसदेने कार्यस्थळावरील न्याय्य वागणुकीविषयीचा कायदा संमत केला. वंश, राष्ट्रीयत्व, धर्म, लिंग, वय, अपंगत्व आदी कारणांवरून नेमणूक, बढती वा बडतर्फीत भेद करण्यास त्याने मनाई केली आहे. प्रारंभी तो किमान 25 कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी आहे, आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकून घेण्याची व्यवस्था उभारण्याचे बंधन मालकांवर घालणारा आहे. 1929 साली रुजू झालेल्या तरुण डॉक्टरापुढे दाद मागण्याचे असे कोणतेही दार नव्हते. त्याच्याकडे होते ते केवळ त्याचे ज्ञान, आणि ते मान्य होईपर्यंत वाट पाहण्याची चिकाटी. आजच्या कर्मचाऱ्याने तेवढ्यावरच विसंबून राहावे, असा शीअर्स यांच्या चरित्राचा अर्थ नव्हे. गुणवत्तेला बावीस वर्षे ताटकळत ठेवणारी व्यवस्था त्या काळातील असंख्य रुग्णांचेही नुकसान करीत होती, हे ध्यानी घेतले की अशा कायद्यांचे मोल कळते.