काशीचे गृहस्थाश्रमी योगी : लाहिरी महाशय

संसारी मनुष्याची एक जुनी तक्रार आहे. ध्यानधारणा चांगली खरी, परंतु ती अरण्यात राहणाऱ्यांसाठी. ज्याला सकाळी कचेरी गाठावयाची, मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहावयाची, वाण्याचे देणे फेडावयाचे, त्याने डोळे मिटून बसावे तरी केव्हा? आणि बसला, तरी मिटलेल्या डोळ्यांपुढे तेच देणे उभे राहावयाचे! ज्यांच्या चरित्रात या तक्रारीचे उत्तर सापडते, ते श्यामाचरण लाहिरी स्वतः सरकारी हिशेबनीस होते.

त्यांचा जन्म ३० सप्टेंबर १८२८ रोजी बंगालमध्ये, कृष्णनगरनजीकच्या घुर्णी या गावी झाला. आई लहानपणीच गेली. जलंगी नदीने मार्ग बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्ता पाण्याखाली गेली. तेव्हा वडील गौरमोहन कुटुंबासह काशीस येऊन राहिले. तेथे श्यामाचरणांचे शिक्षण झाले. त्यांनी वेदांचे अध्ययन नागभट्ट नामक एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाजवळ केले, ही गोष्ट मराठी वाचकांस विशेष वाटेल. १८४६ साली काशीमणी यांच्याशी विवाह झाला, १८५१ साली लष्करी बांधकाम खात्यात हिशेबनिसाची जागा मिळाली, आणि चार माणसांचा चालतो तसा संसार सुरू झाला.

१८६१ साली त्यांची बदली हिमालयाच्या पायथ्याशी राणीखेत येथे झाली. वय तेहतीस. तेथील द्रोणगिरीच्या परिसरात त्यांना गुरू भेटले. परंपरा त्यांना बाबाजी या नावाने ओळखते. त्या भेटीभोवती अनेक चमत्कारांच्या कथा गुंफल्या गेल्या आहेत. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी त्या अवश्य वाचाव्यात. आम्हांस त्यांहून मोलाची वाटते ती पुढची घटना. दीक्षा मिळाल्यावर श्यामाचरणांच्या मनात घरी परतावयाचे राहिले नव्हते. ज्या शांतीसाठी लोक जन्मभर वणवण करतात ती हाती आलेली असताना पुन्हा खतावण्यांत मान घालण्यास कोण राजी होईल? परंतु गुरूंनी त्यांना परत पाठविले. प्रपंचात गुंतलेल्या माणसांना हे साधन प्रपंचातच राहणाऱ्याकडून मिळावे, अशी त्यांची इच्छा होती. आणि लाहिरी महाशय परतले. त्यानंतर पंचवीस वर्षे, १८८६ साली निवृत्त होईपर्यंत, त्यांनी नोकरी केली.

काशीच्या बंगाली टोल्यानजीकच्या त्यांच्या घरी मग हळूहळू माणसे येऊ लागली. त्यांत संन्यासी होते, पंडित होते; पण कारकून आणि नोकरदार यांचाही त्यांत भरणा होता. परमहंस योगानंदांचे वडील भगवतीचरण घोष हे रेल्वेतील अधिकारी. तेही त्यांचे शिष्य. अब्दुल गफूर खान नावाचे मुसलमान शिष्यही होते. आपला धर्म किंवा आपला उद्योग सोडा, असे लाहिरी महाशयांनी कोणास सांगितले नाही. भगवी वस्त्रे मागणाऱ्याला ते सहसा परावृत्तच करीत. संसाराला कंटाळून घेतलेल्या संन्यासात तो कंटाळाही बरोबरच येतो, हे त्यांनी पुरते ओळखले असावे.

त्यांनी दिलेले साधन क्रियायोग म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा विधी दीक्षेने मिळतो, तो मासिकातून शिकविण्याचा विषय नव्हे. परंतु त्याचा पाया गीतेच्या प्रत्येक वाचकाला परिचित आहे. पाचव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या श्लोकात नासिकेतून वाहणारे प्राण व अपान सम करण्यास सांगितले आहे. सहाव्यात आसन कसे असावे, पाठ व मान कशी सरळ ठेवावी, आहार, निद्रा व श्रम किती असावेत, हे आले आहे. मन आवरत नसेल तर निदान श्वासाकडे पाहता येते. तो संथ झाला, विशेषतः उच्छ्वास लांबला, की नाडीची गती उतरते, हे आजचे वैद्यकही मान्य करते. मग देणे तेवढेच राहते, पण त्याच्या विचाराने छाती धडधडत नाही, आणि ते फेडण्याचा मार्ग शोधण्यास बुद्धी मोकळी होते. मन पुन्हा पळेल, हे तर अर्जुनानेच भगवंतांस ऐकविले आहे. त्यावर जो अभ्यास सांगितला, तो लाहिरी महाशयांच्या शिष्यांना रोजच्या कामाच्या आधी व नंतर बसून करावा लागे.

त्यांच्या घरी सारेच सुरळीत होते असे मात्र नाही. काशीमणींनी वृद्धापकाळी सांगितलेल्या आठवणी योगानंदांच्या आत्मचरित्रात आल्या आहेत. पतीचा सारा वेळ शिष्यांत जातो, घरखर्चाकडे लक्ष नाही, असे त्यांनी एकदा रागाने बोलून दाखविले होते. हा प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. ध्यानाने गृहिणीची चिंता आपोआप मिटत नाही, आणि तिचे गाऱ्हाणे खोटेही ठरत नाही. त्याच काशीमणींनी पतीलाच गुरू मानून दीक्षा घेतली, हेही तेथेच नमूद आहे.

संध्याकाळी बैठकीत गीतेचे विवरण चाले. कुरुक्षेत्र म्हणजे हा देह, आणि कौरव-पांडव म्हणजे मनुष्याच्या अंतरातील वृत्ती, अशा अर्थाने ते श्लोक उलगडीत. त्यांचे शिष्य पंचानन भट्टाचार्य यांनी कलकत्त्यास आर्य मिशन संस्था स्थापून गीतेचा प्रसार केला. स्वतः लाहिरी महाशयांनी मठ उभारला नाही, संप्रदायाची मोठी घडी बसविली नाही. पेन्शन घेऊन ते त्याच बैठकीत बसत राहिले.

२६ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या दिवशीही ते जमलेल्यांना गीतेचे श्लोक समजावून सांगत होते, असे शिष्यांनी लिहून ठेवले आहे. संन्याशाला देतात तशी समाधी त्यांना दिली गेली नाही. मणिकर्णिका घाटावर, गृहस्थाच्या विधीने, त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला.