माळावरचे इस्पितळ

घरात उंदीर मरून पडला की चूल विझवायची, अंथरूण-पांघरूण बांधायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत घालायचे आणि गाव सोडायचे, असा एक काळ कोल्हापूर भागाने पाहिला आहे. तो काळ डोळ्यांनी पाहिलेले आता कुणी उरले नाही. पण घराघरांतून ऐकलेल्या गोष्टींत तो अजून जिवंत आहे. गावात शुकशुकाट आणि शिवारात मात्र माणसांची दाटी. कडब्याच्या भिंती, गवताचे छप्पर, बांधावर मांडलेल्या तीन दगडांच्या चुली. गाठीच्या तापाने माणसे दोन-चार दिवसांत जात होती. काखेत किंवा जांघेत गाठ आली की घरच्यांच्या तोंडचे पाणी पळे.

'गाव रानात गेले' असे आपण सहज बोलून जातो; पण गाव आपोआप रानात जात नाही. त्यासाठी जागा निवडावी लागते, पाणी बघावे लागते, वासे आणि गवत पुरवावे लागते. आजारी माणूस कुठे ठेवायचा, त्याच्या बायको-मुलांनी कुठे राहायचे, हे ठरवावे लागते. आणि सर्वांत अवघड म्हणजे, लोकांनी त्या माळावर यावे म्हणून त्यांचा विश्वास मिळवावा लागतो. कोल्हापूर संस्थानावर ही वेळ आली तेव्हा गादीवरचा राजा जेमतेम पंचविशीचा होता. त्याचे नाव शाहू छत्रपती.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. ते कागलच्या घाटगे घराण्यातले, मूळ नाव यशवंतराव. आईचे छत्र तिसऱ्या वर्षीच हरपले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि पुढे दोन वर्षांत वडीलही गेले. राजकोट आणि धारवाड इथे शिक्षण झाले. धारवाडला फ्रेझर यांच्यासारखा शिस्तीचा आणि मायाळू शिक्षक मिळाला. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती आला. धिप्पाड देह, शिकारीचा आणि कुस्तीचा नाद, रयतेशी रयतेच्या बोलीत बोलण्याची सवय. असा हा विशीतला राजा जरा कुठे स्थिरावतो आहे, तोच एकामागून एक दोन संकटे आली.

आधी दुष्काळ, मग प्लेग

पहिले संकट १८९६-९७ च्या दुष्काळाचे. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, तगाई दिली, दुष्काळी कामे सुरू केली, गुरांसाठी छावण्या उघडल्या. दुष्काळी भागात ते स्वतः फिरले. या फिरतीत त्यांना एक गोष्ट कळली असली पाहिजे. हुकूम कचेरीतून निघतो, पण तो पोचला की नाही हे गावाच्या वेशीवर जाऊनच कळते. पुढच्या संकटात हीच सवय त्यांच्या कामी आली.

दुसरे संकट मुंबईहून निघाले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. मुंबई सोडून लोक गावोगाव पळाले आणि त्यांच्या मागोमाग रोगही गेला. इस्पितळे अपुरी पडली तेव्हा मिळेल ती जागा इस्पितळासाठी वापरावी लागली. परळला गव्हर्नरांची जुनी आलिशान हवेली होती. गव्हर्नर मलबार हिलला राहायला गेल्यामुळे ती रिकामी होती. जिथे मेजवान्या झडल्या, तिथे प्लेगच्या रोग्यांच्या खाटा लागल्या. पुढे १८९९ मध्ये त्याच वास्तूत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरात शिरायचे, रोग्याला उचलायचे, घर रिकामे करायचे, असे जवळजवळ अमर्याद अधिकार त्याने अधिकाऱ्यांना दिले. पुण्यात रँड साहेबांनी ते गोऱ्या शिपायांच्या हाती सोपवले. शिपाई बुटांनिशी देवघरात आणि माजघरात शिरले, बायकांची तपासणी झाली, सामानसुमान रस्त्यावर आले. लोक आजारी माणसे लपवू लागले. लपवलेला रोगी घरादाराला रोग देतो. म्हणजे ज्या सक्तीने रोग हटायचा, त्याच सक्तीने तो वाढला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याच पुण्याजवळ दुसरे उदाहरणही घडत होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तिथे रोगी आणून पोचवत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तिथेही माळ आणि झोपड्याच होत्या. फरक होता तो रोग्याला उचलणाऱ्या हातांचा.

तीन वेगळ्या वस्त्या

कोल्हापूर मिरजेला रेल्वेने १८९१ मध्येच जोडले गेले होते. व्यापार वाढवणारी हीच गाडी आता रोग आणू शकत होती. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या उतारूंची तपासणी आणि त्यांना काही दिवस बाहेर थोपवणे हा पहिला बांध. लोक त्याला 'कारंटीन' म्हणत. पण तो बांध फार काळ टिकला नाही. शतक संपता संपता प्लेग संस्थानात शिरला आणि पुढे कित्येक वर्षे तो येत-जात राहिला.

त्या काळी प्लेगचे कारण कुणालाच नीट ठाऊक नव्हते. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. उंदरावरची पिसू तो माणसात आणते, हे १८९८ मध्ये पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले. पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. अनुभवाने मात्र एक गोष्ट कळली होती. दाट वस्ती सोडून उघड्यावर गेलेली माणसे वाचतात. कारण आज सोपे वाटते. धान्याची कणगी, मातीच्या भिंती, अंधारे माजघर हे उंदरांचे राज्य. उंदीर मेला की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. माळावरच्या झोपडीत ना कणगी, ना बीळ.

म्हणूनच गावे आणि पेठा रिकाम्या करून लोकांना शिवारात नेणे, हा त्या काळच्या प्लेगविरोधी कामाचा कणा होता. या कामाची पद्धत ठरलेली असे. एक नव्हे, तीन वेगळ्या वस्त्या कराव्या लागत. धडधाकट माणसांची एक. रोग्याच्या घरातल्या, अजून आजारी न पडलेल्या माणसांची दुसरी. त्यांना काही दिवस नजरेखाली ठेवत. आणि खुद्द रोग्यांसाठी तिसरी, म्हणजे माळावरचे इस्पितळ. जागा उंचवट्याची आणि निचऱ्याची लागे. पाणी जवळ हवे, पण पिण्याच्या पाण्यात घाण उतरता कामा नये. झोपड्यांच्या रांगांत अंतर हवे, नाहीतर एका ठिणगीने सारी वस्ती जळायची. तिकडे रिकाम्या घरांची कौले उतरवून ऊन आत घ्यायचे, भिंतींना चुना द्यायचा, औषधी पाणी मारायचे. मागे राहिलेल्या मालमत्तेवर पहारा ठेवायचा. कारण घर फुटण्याची धास्ती असली तर माणूस उंबरा सोडत नाही.

कोल्हापूर शहराची वस्ती तेव्हा ४५ हजारांच्या पुढे होती. एवढ्या लोकांना आणि शेकडो खेड्यांना हे करायला लावणे सोपे नव्हते. हुकूम इथेही होते, आणि घर सोडण्याचे दुःख इथेही होते. पण महाराजांनी हुकमाबरोबर मदतही पाठवली. झोपड्यांसाठी दरबाराने हात दिला, रोग्यांसाठी वेगळी इस्पितळे उघडली, लस उपलब्ध केली. आणि साथीच्या भागात ते स्वतः गेले. राजा राजवाड्यात आणि रयत माळावर, असे चित्र लोकांना दिसले नाही. तापाने फणफणलेल्या माणसांच्या वस्तीत छत्रपती घोड्यावरून येतात, विचारपूस करतात, याचा परिणाम दहा फर्मानांपेक्षा मोठा होता.

लशीचेही तेच. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. १८९८ मध्ये कोल्हापूरच्या दक्षिणेला हुबळीत हजारो लोकांनी ती घेतली आणि तिचा गुण दिसून आला. तरी लोकांच्या मनातली भीती जाईना. सुईने धर्म बुडतो, माणूस नपुंसक होतो, अशा नाना कंड्या होत्या. त्या भीतीला केवळ आकडेवारीने उत्तर देता येत नाही. आपला माणूस समोर उभा राहून सांगतो तेव्हाच दंड पुढे होतो.

एवढे करूनही हानी टळली नाही. १८८१ ते १८९१ या दहा वर्षांत संस्थानची लोकसंख्या ८ लाखांवरून ९ लाख १३ हजारांवर गेली होती. १९०१ च्या शिरगणतीत ती ९ लाख १० हजारांवर आली. दुष्काळ आणि प्लेग यांनी एका दशकाची वाढ तर गिळलीच, वर काही हजार माणसेही नेली.

दार कुणासाठी?

साथीच्या वर्षांत महाराजांनी आपला समाज फार जवळून पाहिला. रोग जात विचारत नव्हता. माळावर मात्र माणसे जात घेऊनच आली होती. पाणी कुणी भरायचे, कुणाच्या हातचे घ्यायचे, कुणाची झोपडी कुणाच्या शेजारी असायची, हे प्रश्न मरणाच्या दारातही सुटत नव्हते. त्याच सुमारास वेदोक्त प्रकरण पेटले आणि प्रत्यक्ष छत्रपतींनाही जन्मावरून कमी लेखले जाते, हा अनुभव त्यांनी घेतला. पुढची वाटचाल आपल्या परिचयाची आहे. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि मग जातीजातींची वसतिगृहे, २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा, भोगावतीवरच्या धरणाचे काम, १९१७ चे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण.

मग १९१८ साल आले. जूनमध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज शिकारीत अपघाताने गेले. ऐन तारुण्यातला मुलगा आणि मागे कोवळ्या वयाची विधवा सून. वाघाची छाती असलेला बाप आतून ढासळला. त्यातच पावसाळा संपता संपता इन्फ्लुएन्झाची साथ आली. एकट्या मुंबई इलाख्यात तिने १० लाखांवर माणसे नेली. घरोघरी मयत आणि दवाखान्यांच्या दारात रांगा.

या वर्षानंतर लगेच, १९१९ च्या आरंभी, महाराजांनी जे हुकूम काढले त्यांतला एक दवाखान्यांविषयी होता. अस्पृश्य रोगी दारात आला की त्याला दूर उभे करायचे, अंगाला हात न लावता लांबूनच औषध टाकायचे, ही रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी बजावले की सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, सारख्याच आपुलकीने वागवले पाहिजे. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि सरकारी इमारती यांचीही दारे सर्वांना खुली करण्यात आली.

प्लेगच्या माळापासून या हुकमापर्यंत वीस वर्षांचे अंतर आहे. महाराजांनी या दोहोंचा संबंध स्वतः कुठे जोडला की नाही, हे महत्त्वाचे नाही. आपल्याला तो दिसतो. खाटा, छप्पर, पाणी आणि औषध एवढ्याने जागा तयार होते. इस्पितळ होत नाही. जिथे जायला रोगी भीत नाही आणि जिथून त्याला कुणी परत फिरवत नाही, ते इस्पितळ. पहिली अट पुण्याच्या शिपायांना उमगली नाही. दुसरी अट आपल्या समाजाला उमगत नव्हती. शाहू महाराजांना दोन्ही कळल्या होत्या.

सुनेला, इंदुमतीदेवींना, त्यांनी सोनतळी इथे शिकवायला घेतले. कृष्णाबाई केळवकर यांना दरबारच्या मदतीने डॉक्टर होता आले आणि कोल्हापूरच्या बायकांना बाईच्या हातचे औषध मिळाले. पण स्वतःच्या प्रकृतीकडे मात्र महाराजांचे लक्ष राहिले नाही. मधुमेह आणि हृदयविकार बळावत गेले. ६ मे १९२२ रोजी पहाटे मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये ते गेले. वय अवघे ४७.

त्यानंतर शंभर वर्षांनी कोल्हापूरने पुन्हा जागा तयार केल्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाळा आणि मंगल कार्यालये पूरग्रस्तांनी भरली, तिथेच डॉक्टरांनी टेबल मांडले. २०२० मध्ये कोरोना आला आणि शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहांत रुग्णांच्या खाटा लागल्या. महाराजांच्या काळचे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आजचे सीपीआर, दिवसरात्र जागे राहिले. तेव्हाही आजार लपवणारी माणसे होती, शेजाऱ्याला वाळीत टाकणारी गल्ली होती, आणि डबे घेऊन धावणारी तालीम मंडळेही होती.

६ मे २०२२ रोजी, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवशी, सारे कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. रिक्षा थांबल्या, दुकानातली माणसे रस्त्यावर आली. त्या गर्दीत अनेक जण असे होते, ज्यांच्या पणजोबांना कधीकाळी माळावरच्या एखाद्या झोपडीने वाचवले होते. त्यांना ते ठाऊक असो वा नसो.