विश्लेषण : मेलेल्या बेडकाचा पाय का हलला? स्नायूंमधील वीज ओळखणारे गॅल्व्हानी कोण होते?

ही बातमी स्क्रोल करताना तुमचा अंगठा हलतो, तो मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोहोचणाऱ्या विद्युत संदेशामुळे. याचा पहिला धागा इटलीतील बोलोन्याचे डॉक्टर लुइजी गॅल्व्हानी (१७३७-१७९८) यांना सापडला.

शोध काय होता?
मेलेल्या बेडकाचा मज्जातंतू आणि स्नायू धातूने जोडताच पाय झटकन आकसला. ही वीज प्राण्याच्या शरीरातलीच, असे त्यांनी १७९१ मध्ये मांडले.

वाद कशावरून?
वीज धातूंमुळे तयार होते, असे अलेस्सांद्रो व्होल्टा यांचे म्हणणे. त्यातूनच १८०० मध्ये बॅटरी आली. मात्र धातूशिवायही स्नायू आकुंचन पावतो, हे गॅल्व्हानींनी दाखवले होते.

शेवट कसा झाला?
नेपोलियनने उभारलेल्या राजवटीची शपथ नाकारल्याने त्यांची प्राध्यापकी गेली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. स्नायूंमधील वीज मोजली गेली ती थेट १८४०च्या दशकात.