'तुंबाड'च्या आजीची गोष्ट लिहिणारे नारायण धारप: काळ्या जादूशी लढणारे हिरो मराठीत आणणारा माणूस

'तुंबाड' आठवतोय ना? २०१८ साली थिएटरमध्ये आला तेव्हा फार लोकांनी पाहिला नाही. २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला.

त्यातली साखळदंडाने बांधलेली म्हातारी बघून अनेकांची झोप उडाली. त्या म्हातारीचं मूळ एका मराठी कथेत आहे. कथेचं नाव 'आजी', लेखक नारायण धारप.

झालं असं की, १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वे यांना ही गोष्ट सांगितली. ती डोक्यात बसली आणि पुढे तिच्यातून 'तुंबाड' उभा राहिला. सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आलंय.

आता हे धारप कोण, ते बघू.

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. कर्मभूमी पुणे. आयुष्यात त्यांनी शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली. 'नेनचिम'सारखी विज्ञान कादंबरीही लिहिली, पण नाव झालं ते भयकथांमुळे.

धारपांच्या आधी मराठीत भुताच्या गोष्टी नव्हत्या असं नाही. कोकणातला मुंजा, विहिरीतली हडळ, वडावरचा वेताळ सगळ्यांनी आजीकडून ऐकलेले. पण त्यासाठी गावाला जावं लागायचं. गिरगाव-लालबागच्या चाळीत, दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या माणसाला ही भुतं लांबची वाटायची.

धारपांनी भीती नोकरदार माणसाच्या घरात आणून बसवली. भाड्याने घेतलेली जागा, वारशात मिळालेला वाडा, जुन्या बाजारातून आणलेली वस्तू. सुरुवात अगदी साधी, आणि मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागतं. त्यांच्या एका कादंबरीचं नावच '४४०, चंदनवाडी'. वाचताना पोस्टाचा पत्ता वाटतो, पण गिरगावकराला चंदनवाडी म्हटलं की आधी स्मशान आठवतं!

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. घाबरलेल्या माणसाला धारपांनी मदतीला कोणीतरी दिलं.

ते म्हणजे 'समर्थ' आणि त्यांचे साथीदार अप्पा जोशी. याशिवाय कृष्णचंद्र, पंत, जयदेव अशीही पात्रं आहेत. एखाद्या घरावर अघोरी सावट आलं की हे लोक धावून जातात, त्यामागची शक्ती शोधून काढतात आणि तिच्याशी भिडतात. इंग्रजीत असे गूढ शोधक विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आले होते. अल्जरनॉन ब्लॅकवुडचा डॉक्टर जॉन सायलेन्स १९०८ सालचा. आज अर्बन फँटसी म्हणून जे धडाधड खपतं, त्याचं मूळ तिथे आहे. मराठी वाचकाला तो प्रकार धारपांच्या समर्थांनी दाखवला.

मग मराठी साहित्यात त्यांना मोठं स्थान का मिळालं नाही?

एक कारण म्हणजे भयकथेला आपल्याकडे टाइमपास समजलं गेलं. दुसरं कारण जरा अवघड आहे. धारपांच्या अनेक गोष्टींचं मूळ परदेशी आहे. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून, 'शपथ' त्याच्याच 'इट'वरून आणि 'आजी'सुद्धा किंगच्या 'ग्रॅमा'वरून. म्हणजे 'तुंबाड'ची म्हातारी अमेरिकेतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत गेली.

हे लपवण्यात अर्थ नाही. श्रेय किंगचं आहे, ते त्याला द्यायलाच हवं. पण दुसरी बाजूही बघा. 'इट' बाजारात आली १९८६ साली, तेव्हा धारप एकसष्ट वर्षांचे होते. इंटरनेट नव्हतं, ऑनलाइन मागवायची सोय नव्हती. त्या वयात हा माणूस अमेरिकेतली ताजी पुस्तकं वाचत होता आणि ती आपल्या घरांत, आपल्या नात्यांत, आपल्या बोलण्यात बसवत होता. नुसतं भाषांतर करून 'आजी'ची भीती वाटली नसती. आपली आजी डोळ्यासमोर आली म्हणून वाटली.

अजून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. अशा गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते का?

धारप १८ ऑगस्ट २००८ रोजी गेले. बरोबर पाच वर्षं आणि दोन दिवसांनी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. करणी काढतो म्हणून पैसे उकळणारा, बाईला चेटकीण ठरवणारा बाबा खऱ्या आयुष्यात गुन्हेगार असतो. तिथे समर्थ येत नाहीत, पोलिसांकडेच जावं लागतं. धारपांनी लिहिल्या त्या गोष्टी, आणि गोष्ट म्हणूनच त्या वाचायच्या.

वाचणारे अजूनही आहेत. साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तकं नव्याने काढली. २०१८ मध्ये, म्हणजे 'तुंबाड' आला त्याच वर्षी, त्यांच्या 'ग्रहण' कादंबरीवर झी मराठीने पल्लवी जोशींना घेऊन मालिका केली.

सुरुवात कुठून करायची असेल तर 'लुचाई' घ्या. फक्त रात्री एकटे असाल तर घेऊ नका.